व्हिएन्ना ते ब्रातिस्लावा सायकलवर, बाबांसोबत

आधी रूट सांगून टाकतो, कारण बऱ्याच जणांनी विचारलंय. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यापासून रोमानियात काळ्या समुद्रापर्यंत एक मोठा सायकल मार्ग आहे, युरोवेलो ६, आणि त्याचा बराच भाग डॅन्यूब नदीच्या काठाकाठाने जातो. आम्ही केला तो त्यातला अगदी छोटा तुकडा, व्हिएन्नाहून ब्रातिस्लावा, म्हणजे ऑस्ट्रियाची राजधानी ते स्लोव्हाकियाची राजधानी. दोन्ही शहरं इतकी जवळ आहेत की सकाळी एकीकडे नाश्ता करून निवांत पॅडल मारत संध्याकाळी दुसरीकडे जेवायला पोचता येतं. जवळपास पूर्ण सपाट रस्ता, गाड्या फारशा नाहीत, आणि वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून असतो म्हणजे पूर्वेला जाताना पाठीवर. त्यामुळे पहिल्यांदा लांब सायकलिंग करणाऱ्यांना मी हाच टप्पा सुचवतो.

बाबा मे महिन्यात माझ्याकडे आले होते. आयुष्यभर कागलला हायस्कूलमध्ये इतिहास शिकवला, शाळेत जाणं-येणं सायकलवरच, आणि अजूनही रोज सकाळी एक चक्कर असतेच. त्यांना राजवाडे, म्युझियम वगैरेत फार रस नव्हता. ते म्हणाले, "अरे मी इतकी वर्षं पोरांना लोखंडी पडदा शिकवला. तो होता ती जागा बघायचीय मला." लोखंडी पडदा म्हणजे शीतयुद्धाच्या काळात कम्युनिस्ट पूर्व युरोप आणि पश्चिम युरोप यांच्यामधली बंद सीमा. म्हटलं मग सायकलनेच जाऊ, कारण ट्रेनने तासाभरात ब्रातिस्लावा येतं खरं, पण सीमा कधी गेली ते कळतसुद्धा नाही.

व्हिसाचं विचाराल तर दोन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं अशा युरोपीय देशांच्या गटात आहेत, त्यामुळे सिंगल एंट्री व्हिसावर आलेल्या आईवडिलांनाही काही अडचण नाही, तुमची ती एक एंट्री वापरली जात नाही. पासपोर्ट मात्र जवळच ठेवायचा, झेरॉक्स नाही, ओरिजिनल. मधेमधे तात्पुरती तपासणी सुरू करतात हे लोक.

शनिवार : व्हिएन्ना – एकार्ट्साउ – हाइनबुर्ग – ब्रातिस्लावा, साधारण ७० किमी

सकाळी सातला राइशब्र्युके पुलापासून निघालो. बाबांसाठी भाड्याने घेतलेली सायकल, मागे दोन पॅनियर बॅगा, दुकानदार ई-बाइक घ्या म्हणत होता पण बाबांनी ऐकलं नाही. एका बॅगेत कपडे, दुसऱ्या बॅगेत खायचं: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आईने पाठवलेला चिवडा. शनिवार असल्यामुळे बाबांचा मांसाहार बंद, त्यामुळे वाटेत काही मिळालं नाही तरी उपाशी राहणार नाही एवढी सोय करून ठेवली होती.

सुरुवातीचा रस्ता डोनाउइन्सेलवरून. हे नदीतलं बेट माणसाने बनवलेलं आहे, १९७२ ते १९८८ या काळात, २१ किमी लांब. व्हिएन्नाला पुराचा त्रास व्हायचा म्हणून मुख्य नदीला समांतर दुसरा प्रवाह खणला, आणि त्यातून निघालेल्या मातीचं हे बेट झालं. आता तिथे सकाळी सकाळी लोक धावतायत, पोहतायत, कुत्री फिरवतायत. पुराचा बंदोबस्त करता करता शहराला एवढी मोकळी जागा मिळाली हे बाबांना फार आवडलं, पंचगंगेचे पूर बघितलेला माणूस, त्यांना ते लगेच भिडतं. किती पाणी सोडतात, कुठून सोडतात, गेट कुठे आहेत, सगळं विचारून झालं.

बेट सोडून डाव्या काठाला लागलं की लोबाउ सुरू होतं. आधी तेलाच्या मोठमोठ्या टाक्या लागतात आणि मग एकदम जंगल. १८०९ मध्ये नेपोलियनचं सैन्य याच लोबाउत मुक्कामाला होतं, इथूनच तो आस्पर्न आणि नंतर वाग्रामच्या लढाईला गेला. बाबांनी तिथल्या तिथे थांबून मला सगळी लढाई समजावली, झाडाच्या काडीने मातीवर नदी काढून.

त्यानंतर लांबच लांब बंधारा. मार्खफेल्ड नावाच्या सपाट शेतीच्या भागाला पुरापासून वाचवायला बांधलेला हा मातीचा बांध आहे आणि त्याच्या माथ्यावरून सायकलचा रस्ता, सरळ, नाकासमोर, कित्येक किलोमीटर. उजवीकडे पूरक्षेत्रातलं जंगल, डावीकडे झाडं आणि मधूनच शेतं. सावली फारशी नाही. इथे काही लोकांना कंटाळा येतो असं ऐकलंय पण मला हाच भाग सगळ्यात आवडला, कारण पाठीवर वारा, टायरचा आवाज, आणि शेजारी बाबा, बोललं तर बोललं नाहीतर नाही. फक्त पाणी भरपूर घ्या, आणि थांबलात की डास फोडून खातात, तेव्हा ओडोमॉससारखं काहीतरी हवंच.

एकार्ट्साउच्या अलीकडे माझं मागचं चाक बसलं. काटा होता, अगदी बारीक, बाहेरून दिसतही नव्हता. स्पेअर ट्यूब होती माझ्याकडे, मी ती काढत होतो तर बाबा म्हणाले "नवी कशाला लावतोस, आण इकडे." ट्यूबमध्ये हवा भरली, बांधाखाली नदीच्या जुन्या फाट्याचं साचलेलं पाणी होतं तिथे उकिडवे बसले आणि ट्यूब हळूहळू फिरवत पाण्यातून नेत राहिले. एका जागी बुडबुड्यांची बारीक दोरी वर आली, एकामागोमाग एक. तिथे अंगठा दाबून धरला, शर्टाच्या कडेने पुसलं, सँडपेपर घासला, सोल्युशन लावून फुंकर मारत वाळवलं, आणि मग पॅच. टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधला तो नखाच्या टोकाएवढा. हे सगळं होईपर्यंत दोन जर्मन आज्या सायकल थांबवून बघत उभ्या होत्या, जाताना एकीने बाबांना अंगठा दाखवला. तो पॅच पूर्ण ट्रिपभर टिकला.

एकार्ट्साउला झाडीत एक छोटा राजवाडा आहे. ऑस्ट्रियाचा शेवटचा सम्राट कार्ल पहिलं महायुद्ध हरल्यावर व्हिएन्ना सोडून इथे येऊन राहिला आणि नोव्हेंबर १९१८ मध्ये हंगेरीच्या राज्यकारभारातून बाजूला होत असल्याच्या कागदावर त्याने इथेच सही केली. पुढच्या मार्चमध्ये देशच सोडला. म्हणजे तोपर्यंत व्हिएन्ना आणि ब्रातिस्लावा एकाच साम्राज्यात होते, ब्रातिस्लावा तेव्हा हंगेरीत, त्यामुळे मधे फक्त ऑस्ट्रिया आणि हंगेरीची आतली हद्द. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

श्टॉप्फेनरॉइटला नदी ओलांडायची असते. पुलावर चढताना जरा दम लागतो आणि वर वारा जोरात असतो, पण मधोमध थांबाच. खाली डॅन्यूब मोकळी वाहते. ऑस्ट्रियात या नदीवर इतकी धरणं आहेत की वाखाउ खोरं आणि हा व्हिएन्नाखालचा पट्टा सोडला तर ती मोकळी फारशी कुठे उरलेली नाही. आणि इथेही उरली नसती. १९८४ मध्ये इथे हाइनबुर्गचं जलविद्युत धरण होणार होतं. मे महिन्यात विरोधकांनी प्राण्यांची पत्रकार परिषद घेतली, वेगवेगळ्या पक्षांचे लोक प्राण्यांचे वेष घालून बसले, एक जण सांबरासारखी शिंगं लावून. आणि डिसेंबरात झाडं तोडायला सुरुवात होणार म्हटल्यावर हजारो लोक या जंगलात तंबू ठोकून राहिले, कडाक्याच्या थंडीत. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, लोक हटले नाहीत, शेवटी सरकारने नाताळची शांतता जाहीर करून काम थांबवलं, नंतर कोर्टानेही थांबवलं, आणि १९९६ मध्ये इथे डोनाउ-आउएन नॅशनल पार्क झालं. आपण सकाळपासून ज्या जंगलाच्या कडेने आलो ते या लोकांमुळे उभं आहे. मी पुलावर बाबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ कठड्याला टेकून खाली बघत राहिले, मग म्हणाले "थंडीत राहिले रे, हे महत्त्वाचं."

हाइनबुर्ग म्हणजे तटबंदीचं गाव. तट तेराव्या शतकातला, इंग्लंडचा राजा रिचर्ड याला पकडून ठेवून जी खंडणी मिळवली त्यातला पैसा या तटाला लागला असं सांगतात. व्हिएन्नाच्या दिशेचा वेशीचा दरवाजा अजून वापरात आहे, त्यातून गाड्या जातात. लहानपणी संगीतकार हायडन शिकायला इथल्या नातेवाइकांकडे होता. जेवायला पांढऱ्या स्पारगलचं, म्हणजे अॅस्परॅगसचं सूप मिळालं, मार्खफेल्डचं स्पारगल प्रसिद्ध आहे आणि मे हाच त्याचा सीझन. बाबांना चव पटली नाही पण केझेश्पेत्स्ले, म्हणजे चीज घातलेला एक प्रकार, तो चटणी लावून सगळा संपवला. सोबत सफरचंदाचा ज्यूस सोडा घालून, उन्हात त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

आता हाइनबुर्गपासून पुढचा रस्ता. मला या ट्रिपमध्ये सगळ्यात जास्त तो दाखवायचा होता. वोल्फ्सथाल हे सीमेआधीचं शेवटून दुसरं गाव, तिथे व्हिएन्नाहून येणारी एस-बान लोकल संपते. १९१४ मध्ये ही गाडी सुरू झाली तेव्हा ती थेट ब्रातिस्लावापर्यंत जायची, लोक नाटक बघायला, बाजाराला ये-जा करायचे. मग सीमा आली, महायुद्ध झालं, पडदा आला आणि गाडी वोल्फ्सथालला थांबली ती आजही तिथेच थांबते. गावात आता गंमत उलटी झालीये, ब्रातिस्लावात घरं महाग म्हणून खूप स्लोव्हाक कुटुंबं ऑस्ट्रियातल्या या गावांत राहायला आलीयेत आणि रोज सीमा ओलांडून कामाला जातात. दारांवरच्या पाट्या वाचत गेलं की कळतं.

आणि हाच तो रस्ता, ज्यावरून १० डिसेंबर १९८९ ला ब्रातिस्लावाचे लोक चालत हाइनबुर्गला आले. बर्लिनची भिंत पडून महिना झाला होता, प्राग-ब्रातिस्लावातल्या निदर्शनांनी सरकार हललं होतं, आणि लाखभर माणसं, आयाबाया, पोरं, "हॅलो युरोप" म्हणत पायी सीमा ओलांडून निघाली. आम्ही बरोबर उलट दिशेने चाललो होतो.

बेर्ग गावानंतर एका वळणावर समोर ब्रातिस्लावाचा किल्ला दिसला, चार कोपऱ्यांना चार बुरूज, आणि त्याखाली पेत्रझाल्काच्या, म्हणजे शहराच्या नदीअलीकडच्या भागाच्या, उंच बिल्डिंगांची रांग. सीमेवर निळा बोर्ड, पिवळ्या चांदण्यांचं गोल, मधे देशाचं नाव. बाजूला जुन्या नाक्याच्या खुणा. एक पोरगी कानात हेडफोन घालून स्केटिंग करत आमच्या बाजूने ऑस्ट्रियात गेली. बाबा उतरले. सायकल हातात धरून बोर्डाच्या अलीकडे, पलीकडे करून बघितलं. "कोगनोळी नाक्यावर याच्यापेक्षा जास्त चौकशी करतात रे," म्हणाले, आणि मग "फोटो काढ" म्हणून ताठ उभे राहिले. तो फोटो आता कागलला हॉलमध्ये लागलाय.

सीमा ओलांडल्यावर लगेच शेतात काँक्रीटचे बंकर दिसतात. १९३० च्या दशकात चेकोस्लोव्हाकियाने हिटलरच्या भीतीने बांधलेले. १९३८ मध्ये म्युनिक करार झाला आणि पेत्रझाल्का जर्मनीने घशात घातलं, या बंकरांतून एक गोळी सुटली नाही. त्यातले काही आता हौशी लोकांनी स्वतः डागडुजी करून म्युझियम म्हणून उघडलेत. आम्ही गेलो तो उघडा होता. भिंत माझ्या हाताच्या लांबीपेक्षा जाड, आणि काँक्रीटवर साच्याच्या लाकडी फळ्यांचे ठसे तसेच, लाकडाच्या रेषा आणि गाठीसुद्धा बोटाला लागतात.

तिथे माहिती देणारा जो माणूस होता तो पेत्रझाल्कातच वाढलेला, माझ्याच आसपासच्या वयाचा असेल असं वाटलं पण थोडा मोठा निघाला. त्याचं जर्मन उत्तम. कुठे शिकलास विचारलं तर म्हणाला टीव्हीवर. ब्रातिस्लावात ऑस्ट्रियाचं चॅनेल दिसायचं, लहानपणी सगळी कार्टून त्याने जर्मनमधून बघितली. घराच्या गच्चीतून ऑस्ट्रियातली शेतं दिसायची, ट्रॅक्टर चालताना दिसायचा, पण तिथे जाता येत नाही हे इतकं ठरलेलं होतं की तो देश टीव्हीतलाच वाटायचा. १९८९ च्या त्या दिवशी तो वडिलांबरोबर हाइनबुर्गला चालत गेला. काय आठवतं विचारलं तर म्हणाला, रस्त्याच्या कडेला लोकांनी गरम चहा ठेवला होता, आणि वडील वाटेत एकदाही बोलले नाहीत. मी हे मराठीत बाबांना सांगत होतो तेव्हा तो बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होता. बाबांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला, मग बॅग उघडून चिवड्याचं पाकीट त्याला दिलं.

पुढे पेत्रझाल्कातून सायकल ट्रॅक छान आहे. बाहेरून ठोकळ्यासारखी दिसणारी ही वस्ती, लाखाच्या वर लोक राहतात, पण आत झाडी भरपूर आणि सगळीकडे सायकली. नदी ओलांडायला एसएनपी पूल, १९७२ चा, ज्याच्या खांबावर तबकडीसारखं रेस्टॉरंट आहे. सायकली खालच्या मजल्यावरून जातात. पूल दिसायला देखणा आहे, पण त्याच्या रस्त्यासाठी जुनी ज्यू वस्ती आणि त्यातलं सिनेगॉग पाडलं, आणि सेंट मार्टिन चर्चच्या भिंतीला चिकटून हायवे काढला. ज्या चर्चमध्ये १५६३ पासून १८३० पर्यंत हंगेरीच्या राजा-राण्यांचे राज्याभिषेक झाले त्याच्या शेजारून दिवसभर ट्रक जातात. मला हे बघवत नाही.

रात्री जेवायला ब्रिन्झोवे हालुश्की, बटाट्याचे छोटे गोळे आणि मेंढीच्या दुधाचं चीज. वरून डुकराचे तळलेले तुकडे घालतात, ते नको म्हणून आधीच सांगायचं, मग बिनधास्त शाकाहारी. प्यायला कोफोला, म्हणजे इकडचा कोला. पैसे बदलायची भानगड नाही, २००९ पासून इथे युरोच आहे.

रविवार : ब्रातिस्लावा – देवीन – श्लॉस होफ – मार्खेग, साधारण ४० किमी

परत त्याच रस्त्याने येण्यात मजा नव्हती म्हणून दुसऱ्या बाजूने, डॅन्यूबच्या डाव्या काठाने देवीनला. शहराबाहेर पडेपर्यंत थोडा ट्रॅफिक आहे, मुलं बरोबर असतील तर सांभाळून. देवीनचा किल्ला एका उंच खडकावर, पायथ्याशी मोरावा नदी डॅन्यूबला मिळते, आणि त्या संगमाच्या पलीकडचा काठ ऑस्ट्रिया. हा किल्लाही १८०९ मध्ये नेपोलियनच्या सैन्यानेच उडवला, बाबांची आदल्या दिवशीची गोष्ट इथे पूर्ण झाली.

किल्ल्याखाली नदीकाठी एक स्मारक आहे, काँक्रीटची कमान आणि तुटलेले गज. १९४५ ते १९८९ मध्ये पडदा ओलांडताना मारले गेलेल्या ४०० जणांचं. मोरावा इथे फार रुंद नाही. कृष्णेत पोहायला शिकलेल्या माणसाला ती सहज पार होईल असं वाटतं, आणि तसंच वाटून पाण्यात उतरलेल्यांची ही जागा. बाबांनी चपला काढल्या, तिथे नमस्कार केला. इतकी वर्षं फळ्यावर लिहिलेला तो शब्द त्यांनी इथे बघितला, मला दुसरं काही सांगता येणार नाही.

तिथून मोरावाच्या काठाने देवीन्स्का नोवा व्येस, रस्ता सपाट आणि सुंदर. मग सायकलींचा पूल. अठराव्या शतकात ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिच्या काळात इथे पूल होता, नंतर नव्हता, आणि २०१२ मध्ये फक्त चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी नवा बांधला. नाव काय ठेवायचं म्हणून लोकांचं ऑनलाइन मत घेतलं तर चक नॉरिस या अमेरिकन अॅक्शन हिरोचं नाव जिंकलं, पण शेवटी ठेवलं स्वातंत्र्याचा पूल. बरं झालं. रविवार असल्यामुळे पूल भरलेला, तान्ह्या बाळांच्या ट्रेलरपासून बाबांपेक्षा म्हाताऱ्या माणसांपर्यंत, दोन्ही बाजूंनी. मधोमध खाली नदीतच सीमा आहे, कुणी खाली बघत नव्हतं.

पलीकडे श्लॉस होफ, ऑस्ट्रियाचा सेनापती राजपुत्र यूजीन याने १७२५ मध्ये घेतलेला महाल, नंतर मारिया थेरेसाकडे आला. आत जायला तिकीट आहे, आम्ही बागेपुरतं घेतलं, तिथली पांढरी गाढवं बघितली, कॉफी प्यायलो. मग शेतांमधून मार्खेग. तिथे किल्ल्यामागच्या जुन्या ओक झाडांवर पांढऱ्या करकोच्यांची मोठी वसाहत आहे, मे-जूनमध्ये घरट्यांत पिल्लं असतात आणि चोचींचा टकटक आवाज लांबून येतो. दुर्बीण असेल तर घेऊन जा.

मार्खेग स्टेशन गावापासून थोडं लांब आहे, शेवटच्या गाडीच्या भरवशावर राहू नका. व्हिएन्नाला पाऊण तास लागतो, सायकलचं तिकीट वेगळं काढावं लागतं, आणि रविवारी संध्याकाळी सायकलच्या डब्यात गर्दी असते म्हणून आधीची गाडी धरलेली बरी. पुढच्या वेळी ब्रातिस्लावाहून खाली च्युनोवोमार्गे हंगेरीत उतरून ग्योरपर्यंत जायचंय. बाबांनी गाडीतच नकाशा उघडून बघून ठेवलाय, आणि तेव्हाही ई-बाइक नको म्हणालेत.